लघवी धरणाऱ्या स्नायूंची फिजिओथेरपी : कुंभकोणमात पुरुषाला खर्च किती?

काकांच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटून दुसऱ्या ओळीत दोनच शब्द होते, 'केगल एक्सरसाइज'. कसा करायचा, किती वेळा, कोणाकडून शिकायचा, काही नाही. प्रोस्टेटचं ऑपरेशन मोठ्या शहरात झालं होतं. नळी काढून झाली होती आणि आम्ही रात्रीच्या गाडीनं कुंभकोणमला परतत होतो. पहाटे मयिलाडुदुरै मागे पडलं तेव्हा काका उतरायच्या तयारीनं उभे राहिले आणि तसेच पटकन खाली बसले. मला बर्थवरची चादर दिसली. त्यांनी ती गुंडाळून पिशवीत कोंबली आणि कुंभकोणम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर कोणीतरी एक फिजिओथेरपी केंद्र सुचवलं. तिथे वीस सिटिंगचं पॅकेज होतं, ९,००० रुपये, सगळे आगाऊ. रोज वीस मिनिटं कमरेला आणि मांड्यांना मशीन लावायचं, वर शेक द्यायचा, आणि दुरूनच 'खालचं आवळा' म्हणून सांगायचं. अकरा सिटिंग झाल्या. दिवसाला चार पॅड लागत होते, ते पाच लागायला लागले. मग आम्ही तंजावूरला दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यानं मशीनला हात लावला नाही. काय तपासणार आहे ते आधी सांगितलं, काकांची परवानगी घेतली, पडदा ओढला, हातमोजा घातला. मी पडद्याबाहेर बसलो होतो. "इरुक्कुंग सार," तो म्हणाला, म्हणजे आवळा. काकांनी दम कोंडून जोर लावल्याचं मला बाहेर ऐकू आलं. थोड्या वेळानं तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही आवळत नाही, ढकलताय. शौचाला कुंथतो तसं." म्हणजे इतके दिवस काका रोज तीन वेळा, मनापासून, नेमकं उलटं करत होते.

त्या एका तासाचे आम्ही ६०० रुपये दिले. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच आहे : या उपचारात पैसे द्यायचे ते नीट तपासणीचे आणि नीट शिकवण्याचे. बाकीचं काम घरी, स्वतः करायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कुंभकोणमबद्दलच का लिहितो, तर इथे आपली माणसं आहेत. व्यंकोजीराजांच्या वेळेपासून तंजावूरच्या आसपास मराठी घरं वसली, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, आणि घरात मराठी बोलणारी कुटुंबं आजही इथे आहेत. त्यांतली कितीतरी म्हातारी जोडपी एकटी राहतात, मुलं चेन्नई, बंगळूर, पुण्याला. उपचार कुठे घ्यायचा हे मुलांना फोनवरून ठरवावं लागतं, आणि वडील फोनवर हे सांगत नाहीत. पुढचे आकडे खासगी ठिकाणांचे, साधारण आहेत. दवाखान्यानुसार थोडे वर-खाली होतील. हिशोबाची रीत मात्र सांगली-लातूरच्या माणसालाही तीच लागू पडेल.

आधी हे स्नायू. पुढे जघनाचं हाड आणि मागे माकडहाड, यांच्यामध्ये झोळीसारखा स्नायूंचा एक पट्टा असतो. मूत्राशय, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग यांना तो खालून आधार देतो. लघवी आणि शौच धरून ठेवणं, शेवटचा थेंब बाहेर टाकणं, लिंगाचा ताठरपणा टिकवणं, या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, ते बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. त्यामुळे हा 'बायकांचा व्यायाम' असा समज बसला, आणि तो समज पुरुषांना फार महागात पडतो. आपल्या देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५३ मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात निघाली. म्हणजे विद्या आपल्याकडे सत्तर वर्षांची आहे. पण पुरुषाच्या या भागावर काम करणारे अजूनही थोडे, आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत.

पहिला खर्च फिजिओचा नाही, डॉक्टरचा

थेट फिजिओकडे जाऊ नका. लघवी गळण्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, मूत्राशय पुरतं रिकामं न होणं असू शकतं, मधुमेह असू शकतो, क्वचित गाठ. या गोष्टींवर व्यायाम करत बसलं तर वेळ जातो, आणि काही वेळा तोच वेळ मोलाचा असतो. मूत्रशल्यतज्ज्ञाची फी अशा गावात ४०० ते ७०० रुपये पडते. लघवीची साधी तपासणी १०० ते २००, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे दाखवणारी सोनोग्राफी ८०० ते १,५००, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि डॉक्टरांनी सांगितली तर पीएसए ही रक्ततपासणी ५०० ते १,०००. सगळं धरून २,००० ते ३,५०० रुपयांत पहिला टप्पा पुरा व्हायला हवा. युरोडायनॅमिक नावाची मोठी तपासणी काही हजारांची असते. ती पहिल्याच भेटीत कोणी लिहून दिली, तर तिच्यामुळे उपचारात काय बदल होणार, हे जरूर विचारा.

सरकारी वाट धरायची तर कुंभकोणमचं सरकारी मुख्य रुग्णालय आहे, आणि तिथून पुढे ४० किलोमीटरवर तंजावूरचं वैद्यकीय महाविद्यालय. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत फी घेत नाहीत. तिथे खर्च होतो तो तुमच्या सकाळचा आणि बसच्या तिकिटाचा, जे एका बाजूला पन्नाशीच्या आतबाहेर येतं. एक सूचना, आम्ही स्वतः चुकलो म्हणून. तंजावूर शहरात राजा मिरासदार नावाचं जुनं रुग्णालय आहे आणि रिक्षावाले 'सरकारी आस्पत्री' म्हटलं की कधी कधी तिथे नेऊन सोडतात. तिथे मुख्यतः बाळंतपणाचा आणि मुलांचा विभाग आहे. आपल्याला जायचं असतं ते मेडिकल कॉलेजच्या आवारात, म्हणून रिक्षात बसतानाच 'मेडिकल कॉलेज' म्हणा. त्याहून मोठी सोय हवी असेल तर पुदुच्चेरीचं जिपमर साधारण १२० किलोमीटरवर आहे. केंद्र सरकारची संस्था, त्यामुळे खर्च अगदी कमी, पण गर्दी आणि मुक्काम धरून चालावं लागतं.

लघवीत रक्त, लघवी पूर्ण अडकणं, थंडी वाजून ताप, बसण्याच्या जागेला बधिरपणा आणि सोबत पायांत अशक्तपणा, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. शेवटच्या लक्षणाला तर तासांचा हिशोब असतो.

फिजिओथेरपीचे पैसे

इथे पाट्यांवर तमिळमध्ये 'इयन्मुरै मरुत्तुवम' असं लिहिलेलं दिसेल. तेच फिजिओथेरपी. पाठदुखी, गुडघे, लकवा यांच्या साध्या सिटिंगला २५० ते ५०० रुपये, घरी येऊन करायचे ५०० ते ८००. आपल्याला हवं ते काम करणाऱ्याची पहिली भेट, तास-पाऊण तासाची, छोट्या शहरात ५०० ते १,०००, आणि चेन्नई-बंगळूरला १,००० ते २,५००. व्हिडिओ कॉलवर ८०० ते १,५००. व्हिडिओवर शिकवता येतं, सराव तपासता येतो, पण हातानं तपासता येत नाही. म्हणून माझं मत असं की पहिली भेट समोरासमोर, मग वाटल्यास पुढच्या फोनवर. चेन्नईला एकदा जाऊन यायचं झालं तर स्लीपरचं तिकीट, रिक्षा, जेवण आणि सोबतचा माणूस मिळून दोघांचे दीड-दोन हजार धरा. तज्ज्ञाची एक भेट आणि प्रवास मिळून चार हजारांच्या आसपास. वीस आंधळ्या सिटिंगपेक्षा हे निम्म्याहून स्वस्त पडतं.

'पुरुषांसाठी' अशी पाटी शोधत फिरू नका. फोन करा आणि विचारा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे पुरुष तुमच्याकडे येतात का? तपासणी कशी करता, बाहेरून, आतून की सोनोग्राफीवर? पहिली भेट किती वेळाची? दोन भेटींमध्ये किती दिवस ठेवता? शेवटच्या प्रश्नाला 'रोज या' असं उत्तर आलं तर मला शंका येते. स्नायू बळकट व्हायला आठवडे लागतात, रोज जाऊन नवं काही शिकायचं नसतं. पहिल्या महिन्यात दोन किंवा तीन, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, असं तीन महिन्यांत पाच-सहा भेटी बहुतेकांना पुरतात. छोट्या शहरातल्या दरानं हे ३,००० ते ५,००० रुपयांत बसतं. पदवी विचारायला लाजू नका. बीपीटी म्हणजे पदवी, एमपीटी म्हणजे त्यापुढची दोन वर्षं. पण एमपीटी हाडांच्या विषयात असेल तर या कामाचा अनुभव वेगळा विचारावा लागतो.

आतली तपासणी म्हणजे गुदद्वारातून एका बोटानं स्नायूची ताकद आणि ताण पाहणं. मिनिटभराचं काम असतं, नीट केलं तर दुखत नाही. तिला नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि सोबत कोणी हवं असेल तर तेही सांगता येतं. अंडकोशाच्या मागच्या जागेवर बाहेरून सोनोग्राफीचा प्रोब ठेवूनही स्नायू हलतो की नाही हे पडद्यावर दिसतं. काकांना सगळ्यात जड गेलं ते शब्दांचं. तमिळमध्ये काय म्हणायचं ते माहीत नव्हतं आणि मराठीत पुतण्यासमोर तोंडातून निघत नव्हतं. म्हणून काही तमिळ शब्द इथे देऊन ठेवतो. लघवी म्हणजे सिरुनीर, गळते म्हणजे ओळुगुदु, दुखणं म्हणजे वली. 'मूच्चै अडक्कादींग' असं ऐकू आलं तर श्वास कोंडू नका असा अर्थ, आणि हे वाक्य तुम्हाला खूपदा ऐकायला मिळेल.

मशीनबद्दल. बायोफीडबॅक म्हणजे स्नायू आकसला की पडद्यावर रेघ वर जाते. ज्याला आपण बरोबर करतोय की नाही हे कळतच नाही, त्याला दोन-तीन वेळा त्याचा उपयोग होतो. सिटिंगमागे ३०० ते ८०० रुपये जास्त लागतात. विजेच्या हलक्या झटक्यांचं मशीन स्वतःहून आवळता येणाऱ्या माणसाला फारसं जास्त काही देत नाही, आणि पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. घरी ठेवायची उपकरणं तीन हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढे विकतात. पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नका.

खरा खर्च पॅडचा

सगळे फिजिओची फी विचारतात. आमच्या घरी वहीत हिशोब मांडला तेव्हा मोठा आकडा पॅडचा निघाला. मोठ्यांचा चड्डीसारखा डायपर एक ३५ ते ६० रुपयांना पडतो. ४० रुपये धरा. दिवसाला चार म्हणजे १६०, महिन्याला ४,८००. तीन महिन्यांचे १४,४००. चारावरून दोनावर आलात की महिन्याला २,४०० वाचतात, म्हणजे चार-पाच भेटींची फी. फिजिओथेरपी परवडते का, याचं उत्तर मला या बेरजेत मिळालं. थोडंच गळत असेल तर अख्ख्या डायपरऐवजी आत ठेवायचा छोटा पॅड घ्या, निम्म्या किमतीत येतो. आणि औषधाच्या दुकानात एकेक न घेता मोठा गठ्ठा घ्या.

फरक पडतोय की नाही हे मनावर सोडू नका, मोजा. तीनशे-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा या कामासाठी वेगळा घ्या. कोरा पॅड मोजा, वापरलेला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोजा. वजनात जितके ग्रॅम फरक तितके मिलिलिटर लघवी गळली. काका न्हाणीघराच्या फळीवर काटा ठेवून रोज आकडा लिहायचे : ३४०, ३१०, ३५५, २८०. शेजारी कॉफीचा रकाना होता. इथल्या डिग्री कॉफीचे चार टंबलर प्यायलेल्या दिवसाचा आकडा वेगळाच दिसायचा, कारण कॉफी मूत्राशयाला चाळवते. ते दोन टंबलरवर आले. पाणी मात्र कमी करू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्त चिडतं आणि बद्धकोष्ठानं तळाच्या स्नायूंवर उलट ताण येतो. इथून ४० किलोमीटरवर तंजावूरला तिथले राजे सरफोजी दुसरे यांनी धन्वंतरी महालात रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवण्याची शिस्त लावली होती, दोनशे वर्षांपूर्वी. काका ती वही उघडताना हे मला अभिमानानं सांगायचे. दुसऱ्या फिजिओथेरपिस्टनं पहिल्यांदा मागितली तीही वहीच.

काय करायचं, आणि त्याचा किती भरवसा

नळी आत असताना हा व्यायाम करायचा नाही, ती निघाल्यावर आणि सर्जननं होकार दिल्यावर सुरू करायचा. जमलं तर ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधीच एक भेट घेऊन शिकून ठेवा, नंतर दुखऱ्या जागी शिकणं अवघड जातं. आरशासमोर उभे राहा. लघवी मध्येच थांबवायची आहे, लिंग आत ओढून घ्यायचं आहे, असं मनात आणा. बरोबर झालं तर लिंगाचं मूळ जरासं आत जातं आणि अंडकोश किंचित वर उचलले जातात. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. सुरुवातीला तीन सेकंद धरा, पुढे आठ-दहापर्यंत जा, तितकाच वेळ पूर्ण सोडा, कारण सोडणं हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. असे आठ-दहा, दिवसातून तीनदा, शेवटी थोडे झटपट. खोकण्याआधी, उठण्याआधी, पिशवी उचलण्याआधी एकदा आवळा. खरी लघवी चालू असताना थांबवून सराव करू नका.

'मागचं आवळा' आणि 'पुढचं आत ओढा' यांत फरक आहे. मागचं आवळलं की मुख्यतः गुदद्वाराचा स्नायू काम करतो, लघवी धरणाऱ्याला कमी मेहनत पडते. आपल्याकडे अश्विनी मुद्रा आणि मूलबंध शिकलेले पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांना वाटतं आपण हे वर्षानुवर्षं करतोच आहोत. त्यांनी एकदा तपासून घ्यावं.

उपयोग किती होतो, हेही उघडपणे सांगायला हवं, कारण आपण पैसे मोजतो. बेल्जियममधल्या २००० सालच्या अभ्यासात प्रोस्टेट काढलेल्या १०२ पुरुषांपैकी ज्यांना नीट शिकवून व्यायाम दिला, त्यांतले ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले. दुसऱ्या गटात ५६ टक्के. याउलट ब्रिटनमध्ये २०११ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, चार भेटी घेतलेल्या गटातले ७६ टक्के आणि नेहमीच्या देखभालीच्या गटातले ७७ टक्के पुरुष वर्षभरानंतरही थोडंफार गळत असल्याचं सांगत होते. म्हणजे फरक जवळपास काहीच नाही. दोन्ही शेजारी ठेवून मी असं वाचतो : नीट शिकवलेला व्यायाम सुटका लवकर करू शकतो, पण वर्षाच्या टोकाला काळही बरंच काम करतो, आणि काहींचं थोडं गळणं उरतं. म्हणून पाच-सहा भेटींचा खर्च योग्य, वीस-तीस हजारांच्या पॅकेजचा नाही. वर्षभर मनापासून करूनही दिवसाला तीन-चार पॅड लागतच असतील, तर फिजिओ बदलत बसू नका, मूत्रशल्यतज्ज्ञाकडे परत जा. त्यापुढे शस्त्रक्रियेचे उपाय आहेत. त्यांचा खर्च लाखांत जातो, म्हणून तेव्हा दोन ठिकाणी मत घ्या.

दुखत असेल तर आवळू नका

हा भाग तरुणांनी वाचावा. तिशी-चाळिशीतला माणूस, दिवसभर गल्ल्यावर, मागावर किंवा संगणकापुढे बसणारा. अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधली जागा दुखते, लिंगाच्या टोकाशी जळजळतं, वीर्य बाहेर पडल्यानंतर कळ येते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरी 'प्रोस्टेटला सूज' म्हणून प्रतिजैविकांचा एक कोर्स होतो, मग दुसरा, मग तिसरा. त्यांतल्या पुष्कळांचे तळाचे स्नायू कमजोर नसतात, ते सतत आवळलेले असतात, सोडायचंच विसरलेले. अशा माणसानं मोबाइलवर बघून केगल सुरू केला की दुखणं वाढतं. त्याला सैल करायला शिकावं लागतं : पोटात सावकाश श्वास घेत खालचा भाग उतरू देणं, बालासन, आधार घेऊन मलासन, आणि जाणकार फिजिओच्या हातानं त्या कडक गाठी मोकळ्या करून घेणं.

या हातानं करायच्या उपचारावर अमेरिकेतला २००९ सालचा एक छोटा अभ्यास आहे, ४७ रुग्ण, स्त्री-पुरुष दोन्ही, आठवड्याला एक अशा दहा भेटी. हा उपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना चांगला आराम पडला, साधा मसाज घेतलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. दहा भेटी ६०० रुपयांनी ६,००० होतात, चेन्नईच्या दरानं १५,००० ते २०,०००, प्रवास वेगळा. इथे भेटी जास्त लागतात हे खरं आहे, आणि इथे हात कोणाचा आहे याला महत्त्व आहे. चार भेटींत काहीच हललं नाही तर तिथेच थांबून डॉक्टरांशी बोला. कुंभकोणमात हे हातानं करणारा मिळाला नाही, तर एकदा चेन्नई किंवा बंगळूर, आणि मग घरी स्वतः करण्याचं शिक्षण, हा मधला मार्ग खिशाला झेपतो.

लघवी करून उठल्यावर विजारीत थेंब पडतात, एवढीच तक्रार असेल तर एक पैसाही खर्च न करता हे करून बघा. लघवी झाली की एकदा आवळा, मग अंडकोशाच्या मागे बोटांनी हलका दाब देऊन पुढच्या दिशेनं सरका. नळीत अडकलेले थेंब तिथेच बाहेर येतात. ताठरपणाच्या तक्रारीवरही या व्यायामाचा उपयोग दिसला आहे. ब्रिटनमधल्या ५५ पुरुषांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ४० टक्के पूर्ववत झाले, आणखी साधारण ३५ टक्क्यांत सुधारणा झाली. पण आधी साखर आणि रक्तदाब तपासा, आणि बस स्टँडच्या भिंतींवरच्या 'शक्ती'च्या जाहिरातींना पैसे देऊ नका, त्या माणसाच्या लाजेवर पोट भरतात.

परत काय मिळू शकतं

नुसत्या ओपीडीच्या फिजिओथेरपीला बहुतेक आरोग्य विमे पैसे देत नाहीत. पण ऑपरेशनसाठी भरती झाली असेल तर 'भरतीनंतरचा खर्च' या कलमाखाली मिळू शकतात. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत डिस्चार्जपासून ६० दिवसांची आहे. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून कागदावर 'फिजिओथेरपी, इतक्या भेटी' असं लिहून घ्या आणि प्रत्येक भेटीची सही-शिक्क्याची पावती मागा. काकांच्या कार्डावरच्या त्या दोन शब्दांवर विमा कंपनी काही देऊ शकली नाही. वैद्यकीय उपचारावर जीएसटी नसतो, फिजिओच्या बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. साठीच्या पुढचे, आरोग्य विमा नसलेले आणि जुन्या कररचनेत असलेले असतील तर ८०डी खाली वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते, मात्र पैसे रोख दिलेले चालत नाहीत, यूपीआय किंवा कार्डानं द्या.

तमिळनाडूची मुख्यमंत्री विमा योजना वर्षाला १,२०,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते, आणि २०२४ पासून आयुष्मान भारतखाली सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ५ लाखांचं आहे. दोन्ही भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. त्यांतून ऑपरेशनचा भार उतरू शकतो, नंतरच्या सिटिंगचा नाही. घराबाहेर पडताच येत नाही अशा रुग्णासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही योजना आहे. तिच्यात घरी येऊन फिजिओथेरपी देतात, मुख्यतः लकवा किंवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा १०४ या नंबरवर चौकशी होते.

पहिल्या भेटीला जाताना सैल लुंगी किंवा नाडीची विजार घाला. सोबत डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, चालू गोळ्यांची यादी आणि तीन दिवसांची वही घ्या : किती वाजता, मापाच्या मगमध्ये किती मिलिलिटर, कधी गळली, काय प्यायलात. त्या दिवशी सोनोग्राफीही असेल तर घरून लघवी करून निघू नका, मूत्राशय भरलेलं लागतं. तंजावूरच्या प्रवासासाठी एक पॅड आणि एक पिशवी जास्तीची ठेवा. बसपेक्षा पॅसेंजर गाडी बरी, डब्यात संडास असतो. काका अजूनही त्याच गाडीनं जातात, आता दोन महिन्यांतून एकदा, आणि जास्तीचा पॅड बहुतेक वेळा तसाच परत येतो.